घर ऑफलाइन आहे

मी पोलादपूरच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. त्यामुळे मोबाइल, मिक्सर, इस्त्री आणि पाण्याचा पंप या सगळ्यांतला जाणकार म्हणून आमच्या घराण्यात माझं नाव आहे. नववीच्या मुलांना प्रकाश आणि ध्वनी शिकवणाऱ्या माणसाला मिक्सर का दुरुस्त करता येऊ नये, असं घरच्यांना मनापासून वाटतं. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, तर फारच. म्हणूनच वाडीतल्या नव्या घरासाठी तो मुंबईहून खोकं भरून वस्तू घेऊन आला तेव्हा त्या बसवणारा माणूस त्याने आणला नाही.

"तू आहेस ना," म्हणाला.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात आहे. वाडीतल्या निम्म्या दारांना वर्षातले बरेच महिने कुलूप असतं, कारण माणसं मुंबईला. दादाचंही सगळं आयुष्य तिकडे नोकरीत गेलं. निवृत्त झाल्यावर त्याने जुनं घर पाडून स्लॅबचं घर बांधलं, पुढे ऐसपैस पडवी काढली, बाजूला आंब्याची कलमं लावली, आणि घर बांधून झाल्यावर तो मुंबईतच राहिला. थोरल्या वहिनींचे गुडघे दुखायचे आणि त्यांचा डॉक्टर तिकडे होता. नातीची शाळा तिकडे होती. घर मात्र इकडे. यावर माझ्या पुतण्याने, म्हणजे दादाच्या मुलाने, तोडगा काढला. घर स्मार्ट करायचं. मुंबईत बसून पडवीतला दिवा लावायचा, कलमांना पाणी सोडायचं आणि घराकडे कोण येतं जातं ते बघायचं. सगळ्या वस्तू त्याने ऑनलाइन मागवल्या आणि वडिलांबरोबर पाठवून दिल्या. तो स्वतः आला नाही. त्याला सुट्टी नव्हती.

ते मे महिन्याचे दिवस होते. केबलवाल्याने खांबांवरून आणि एका फणसावरून वायर ओढत वाडीपर्यंत इंटरनेट आणून दिलं होतं. दादाने खोकं उघडलं. एक बल्ब, पंपाला लावायचा एक प्लग आणि एक कॅमेरा. सोबत एवढ्या बारीक अक्षरांतलं माहितीपत्रक, की आम्ही दोघांनी आपापले चष्मे काढून ते वाचलं.

बल्ब लुकलुकू लागला की तो वायफायला जोडायला तयार आहे असं समजावं, असं त्यात होतं. बल्ब लुकलुकला. मोबाइलवर एक गोल फिरत राहिला, आणि मग आलं, 'जोडता आले नाही. पुन्हा प्रयत्न करा.'

आम्ही पुन्हा प्रयत्न केला. मग प्लगवर केला. मग कॅमेऱ्यावर. तिघांचंही उत्तर एकच. दादाने मदत केंद्राला फोन लावला. तिकडच्या मुलीने हिंदीत सांगितलं की राउटर आणि बल्ब जवळजवळ ठेवा. राउटर होता आतल्या भिंतीवर वर, म्हणून दादा स्टुलावर चढला आणि वायरला लटकवलेला होल्डर हातात धरून उभा राहिला. बल्ब त्याच्या कानाशी लुकलुकत होता.

"जी मॅडम, एकदम चिटकवलाय," दादा म्हणाला.

मॅडमनी राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. ते झाल्यावर मोबाइल बंद करून चालू करायला सांगितलं. त्यानंतर त्यांचाच फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी मला, इतक्या उशिरा, आठवलं की राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतो. एक जलद, पण भिंतीपुढे दम तोडणारी; दुसरी जरा सावकाश, पण लांब जाणारी. या वस्तूंना फक्त दुसरी कळते, आणि आम्ही त्यांना सारखी पहिलीकडे ढकलत होतो. लहरींची लांबी आणि वारंवारता मी दरवर्षी फळ्यावर काढतो. त्या फळ्याबाहेरही असतात हे मला त्या स्टुलावर चढून कळलं. मी दोन्ही लहरी वेगळ्या केल्या, मोठ्या ऐटीत दादाला सांगितलं की आता बघ, आणि आम्ही पाहिलं. 'जोडता आले नाही.'

"तुला कोणी शिक्षक केला रे?" दादा म्हणाला.

शेवटी मी चिडून माझ्याच मोबाइलचं हॉटस्पॉट चालू केलं आणि बल्ब त्याला जोडून पाहिला. क्षणात जोडला गेला. म्हणजे बल्ब ठीक होता. मोबाइलवर इतर सगळं चालत होतं, म्हणजे राउटरही ठीक होता. मग दोघांत फरक काय? मी दोन्ही नावं वाचली. माझ्या हॉटस्पॉटचं नाव कंपनीने दिलेलं, इंग्रजी अक्षरं आणि आकडे. दादाच्या वायफायचं नाव होतं 'मातृकृपा', पुढे श्री. दारावरच्या संगमरवरी पाटीवर होतं तेच नाव त्याने केबलवाल्याला सांगून मराठीत टाकून घेतलं होतं.

"दादा, नाव बदलावं लागेल. यांना मराठी अक्षरं कळत नाहीत."

"खोक्यावर लिहिलंय, मराठीत बोला."

"बोललेलं कळतं. लिहिलेलं कळत नाही."

दादा मुंबईत सोसायटीच्या सभांमधून मराठी पाट्यांसाठी भांडलेला माणूस. त्याने बल्बकडे असं पाहिलं की बल्ब माणूस असता तर शरमला असता. 'आईच्या नावाचं घर आहे,' असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. दुपारी जेवणं होईपर्यंत हा वाद चालला. मग मी राउटरच्या सेटिंगमध्ये एक सोय शोधून काढली. पाहुण्यांसाठी वेगळं नाव देता येतं. आम्ही पाहुण्यांचं नाव इंग्रजीत ठेवलं, आणि बल्ब, प्लग आणि कॅमेरा तिघेही निमूटपणे पाहुणे म्हणून आत आले. दादाने पडवीत बसून, पडवीतलाच दिवा मोबाइलवरून लावला, विझवला, पुन्हा लावला. भर दुपार होती. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

पावसाच्या आधी दादा मुंबईला गेला आणि माझी दुसरी नोकरी सुरू झाली.

पहिल्याच आठवड्यात फोन. "बल्ब ऑफलाइन दाखवतोय. जरा वर जाऊन ये." मी रविवारी गेलो. पडवीच्या भिंतीवरचं बटण बंद होतं. चालू केलं, बल्ब जागा झाला, दादाला दिसला. दोन दिवसांनी पुन्हा ऑफलाइन. पुन्हा गेलो, पुन्हा बटण बंद. शेजारी आमच्या चुलत भावाचं घर आहे. भाऊ महाडच्या एमआयडीसीत पाळीवर जातो, घरी वहिनी असतात. त्या अंगणात भाजी निवडत होत्या.

"वहिनी, हे बटण कोण बंद करतं?"

"मीच. दिवसाढवळ्या दिवा जळत असतो. घरात माणूस नाय काय नाय. बिल येल ना थोरल्या भावजींना."

"तो दादाने मुंबईहून लावलेला असतो."

"मुंबयला बसून हितं उजेड कशाला पायजे त्यांना?"

याचं उत्तर माहितीपत्रकात नव्हतं. मी त्यांना समजावलं की बटण कायम चालूच ठेवायचं, दिवा विझलेला असला तरी चालूच. वहिनींनी ऐकून घेतलं. बटणावर मी 'बंद करू नये' असा कागदही चिकटवला. त्यानंतर दादाचा फोन आला तो वेगळा. त्याने संध्याकाळी दिवा लावायला मोबाइल हातात घेतला, तर दिवा आधीच लागलेला. वहिनींनी त्यांच्या घरातला साधा बल्ब आणून पडवीच्या दुसऱ्या होल्डरला लावून दिला होता. "तुमच्या त्या बल्बला हात लावायचा नाय म्हणालात ना," त्या मला म्हणाल्या, "म्हणून हा लावला."

पावसाळ्यात वीज जायची, वायर तुटायची, आणि दर वेळी मोबाइलवर तेच वाक्य यायचं, 'घर ऑफलाइन आहे.' घर जागच्या जागी असायचं. मी रेनकोट घालून वर जायचो, राउटर बंद करून चालू करायचो आणि खाली यायचो. मुंबईतून घर चालवता यावं म्हणून केलेली सगळी व्यवस्था पोलादपुरातून माझ्या मोटरसायकलवर चालत होती. माझी बायको म्हणायची की भावजींना सांगून एक बल्ब तुमच्याच कपाळावर बसवून घ्या.

पण एका पावसात मात्र दादाचा आवाज वेगळा होता. महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळल्यापासून आमच्याकडे जोराचा पाऊस लागून राहिला की डोंगरातल्या वाड्यांना खाली शाळेत आणतात. त्या दिवशी आमच्या वाडीतली माणसंही आमच्या शाळेत येऊन राहिली होती. दादाने कॅमेऱ्यात पाहिलं तर वाट ओस. त्याने मला इतके फोन केले की मी शेवटी फोन वहिनींच्याच हातात दिला.

"हाय हाय, सगळी हाय," वहिनी ओरडून म्हणाल्या. "म्हस पन आनलीय."

त्या फोनवर दादा घराबद्दल काहीच बोलला नाही. घराचं विचारायचं त्याला सुचलं नाही, हे फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं.

गणपतीला दादा कुटुंबासह आला आणि गेला. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि बायको त्याच्याकडे मुंबईला गेलो. सकाळी चहा घेऊन बाहेरच्या खोलीत आलो तर टीव्हीवर आमची वाडी. पडवीवरचा कॅमेरा त्याने मोठ्या पडद्याला जोडला होता. समोर आमचं अंगण, दगडी कुंपणाचा गडगा आणि गडग्यापलीकडून ओढ्याकडे जाणारी पायवाट. दादा बनियनवर, पाय वर घेऊन, बशीतून चहा पीत बघत होता.

"आता बघ," तो म्हणाला, "पाटलांची सून येईल धुणं घेऊन."

आली.

"कालपासून तिच्या म्हाताऱ्याला बरं नाही. म्हणून उशीर." मग एक म्हैस आली. "ही पुढच्या पायाने लंगडतेय बघ. कोणाला सांगितलं तर ऐकत नाहीत." मग कोणी तरी फाट्यांची मोळी घेऊन गेलं, आणि दादा त्याच्या मागच्या दोन पिढ्यांबद्दल बोलला. मी दर रविवारी वाडीत जाणारा माणूस. यातलं मला काहीही माहीत नव्हतं. स्वयंपाकघरातून थोरल्या वहिनी माझ्या बायकोला सांगत होत्या, "दिवसभर हेच. मालिका परवडल्या. त्यात निदान जाहिराती येतात."

"आणि ऐक," दादा म्हणाला, "याच्यातून बोलतासुद्धा येतं. परवा एकीला विचारलं, काय गो, आज एवढ्या लवकर? तर ती अशी दचकली, बादलीच खाली टाकली!" तो खो खो हसला. मीही हसलो. हसायला नको होतं, पण हे तेव्हा सुचलं नाही.

आम्ही परत आलो आणि थोड्याच दिवसांत फोन सुरू झाले. या वेळी घर ऑफलाइन नव्हतं. तक्रार वेगळीच होती.

"चित्र अडकलंय," दादा म्हणाला. "तीच वाट, तोच गडगा. कोणी दिसतच नाही. सकाळपासून एक माणूस नाही."

"पानं हलतात का?"

"पानं हलतात."

"मग अडकलं कसं?"

"तू वर जा आणि बघ. वायफाय हळू झालं असणार."

मी गेलो. राउटर बंद करून चालू केला. कॅमेऱ्याची काच पुसली. मग अंगणात उभं राहून फोनवर विचारलं, "मी दिसतो का?"

"दिसतोस. शर्ट बदल, कॉलर फाटलीय."

चित्र स्वच्छ होतं, वेग चांगला होता, सगळं जोडलेलं होतं. मी पडवीत बसून राहिलो. ओढ्याकडे जायची वेळ होती, धुण्याची वेळ होती, गुरं सोडायची वेळ होती. वाटेवर कोणी आलं नाही. आणि मागच्या बाजूने, घराच्या पाठीमागच्या करवंदीच्या जाळीपलीकडून, बायकांचं बोलणं आणि बांगड्यांचा आवाज ऐकू येत होता. मी मागे जाऊन पाहिलं. जाळीतून नवी पायवाट पडली होती, चांगली मळलेली. खडकाळ, चढाची, अंगावर काटे येणारी, पण पूर्ण वाडी तिच्यावरून चालली होती.

मी वहिनींकडे गेलो. त्यांनी चहा टाकला. मी विचारल्यावर बोलल्या.

"भावजी, राग नका मानू. थोरले भावजी पडवीत बसलेले असले की आम्ही फुडनं जाताना पदर घेतो, दोन शब्द बोलतो नि जातो. आता ते नसतात नि असतात पन. सकाळचं धुणं घेऊन आम्ही गाऊनवर जातो, खांद्यावर टावेल टाकून. आमाला काय म्हायती ते बघतायत का च्या पितायत? त्या दिवशी एकीला त्यातनं हाक मारली तर बिचारी घरी जाऊन रडली. मोठ्या मानसाला कसं सांगायचं?"

"मला सांगायचं होतं."

"तुमी तर त्यो क्यामेरा नीट चालतोय का बघायला येता," वहिनी म्हणाल्या.

मी चहा प्यालो. बशी खाली ठेवली आणि घराच्या बाजूने न जाता मागच्या वाटेनेच मोटरसायकलपर्यंत गेलो. एक काटा पोटरीला लागला.

दादाला फोन करायला मी दोन दिवस लावले. विज्ञानाच्या शिक्षकाने उपकरणातला दोष सांगावा तसं सांगायचं मी ठरवलं होतं. सुरुवातही तशीच केली, की नेटवर्क ठीक आहे, कॅमेरा ठीक आहे. मग पुढे जे होतं ते सांगितलं. गाऊनचंही सांगितलं. मला वाटलं फोन कट झाला.

"दादा?"

"आहे," तो म्हणाला. "मला काय त्यांचं बघायचं होतं रे? मी आपला..." आणि वाक्य त्याने सोडून दिलं. "रडली म्हणालास ना ती?"

"हो."

"फिरव तो. कलमांकडे कर तोंड."

मी पुढच्या रविवारी जाऊन कॅमेरा फिरवला. आता त्यात आंब्याची कलमं, प्लगवाला पंप आणि गडग्याचा एक कोपरा दिसू लागला. दादाने पडद्यावरची वाडी बंद केली. थोरल्या वहिनींनी फोनवर मला सांगितलं की घरात आता फार शांत वाटतं आणि त्यांना ते आवडत नाही. रोज येणारे त्याचे फोनही थांबले. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी संध्याकाळी उगीच मोबाइल बघायचो.

मधल्या काळात दादाने शेजारच्या वहिनींना स्वतः फोन केला. काय बोलला ते त्याने मला सांगितलं नाही. वहिनींनी सांगितलं.

"चुकलं म्हनाले. मला कसं तरीच झालं, एवढा मोठा मानूस. मी म्हटलं, भावजी, बघायचं असल तर या की हिकडं. च्या तरी मिळल."

थंडीत, सण ना वार, दादा एकटाच एसटीने पोलादपूरला उतरला. हातात एक पिशवी. थोरल्या वहिनींना पुतण्या सांभाळणार होता. मी त्याला मोटरसायकलवर बसवून वर नेलं. पहिल्या दिवशी तो पडवीत खुर्ची टाकून बसला आणि समोरच्या वाटेकडे न बघता मुद्दाम पेपर वाचत राहिला. वाटेवर कोणी नव्हतंच. दुसऱ्या दिवशी तीच गत. तो पेपरही आदल्या दिवसाचाच होता. मग शेजारच्या वहिनी साडीचा पदर डोक्यावर घेऊन पुढच्या वाटेने आल्या, "कधी आलात भावजी?" म्हणाल्या आणि उत्तर ऐकायला थांबल्या. त्यांच्या मागून आणखी एक आली. हळूहळू मागची वाट ओस पडू लागली. एका सकाळी ती बादलीवालीसुद्धा आली, धुणं घेऊन, गाऊनवर, खांद्यावर टॉवेल टाकून. दादाने पेपर वर केला. ती जाता जाता म्हणाली, "पेपर उलटा हाय, आजोबा."

तो कलमांना हाताने पाणी घालू लागला, बादलीने. पंप होता, प्लग होता, मोबाइलही खिशात होता. मी आठवण करून दिली तर म्हणाला, वेळ जातो. लंगडणाऱ्या म्हशीच्या मालकाशी त्याने भांडून तिला डॉक्टरला दाखवायला लावलं. दोन आठवड्यांसाठी आलेला माणूस शिमगा करूनच जावं की काय, असं बोलू लागला.

असाच एका सकाळी मी वर गेलो होतो. दादा मोबाइल पडवीत ठेवून कलमांच्या आळ्यात वाकून गवत उपटत होता. तेवढ्यात माझा फोन वाजला. मुंबईहून पुतण्या, घाबरलेला.

"काका, लवकर वाडीत जा. घराच्या बाजूला कोणीतरी शिरलंय. मोबाइलवर अलर्ट आलाय. मळका लेंगा आहे, डोक्याला टॉवेल बांधलाय, आपली कलमं उपटतोय. बाबांना फोन लावतोय तर उचलत नाहीत."

मी फोन दादाच्या हातात दिला. त्याने मातीचे हात लेंग्याला पुसले, कॅमेऱ्याकडे तोंड वर केलं आणि डोक्याचा टॉवेल सोडला.

"मीच आहे रे," तो म्हणाला. "गवत काढतोय. तू कामाला लाग."